टाकीच्या झाकणाचं भोक

पेट्रोल भरून झाल्यावर टाकीचं झाकण गाडीच्या टपावर तसंच ठेवून मी पंपावरून निघालो, तिथून हे सगळं सुरू झालं. मी शाळेत हेडक्लार्क आहे. हजारभर पोरांचे दाखले माझ्या कपाटात बिनचूक लावलेले असतात. स्वतःच्या वस्तू मात्र मी जिथे हात मोकळा होईल तिथे ठेवतो आणि मग त्यांनी आपापलं बघावं, अशी माझी पद्धत आहे.

पण त्या दिवशीचा दोष निव्वळ माझ्या विसराळूपणाचा नव्हता. माझ्या मागे रांगेत माझा साडू उभा होता. म्हणजे त्याची गाडी उभी होती, आणि तो आत गारव्यात बसलेला. रविवारी दुपारी तो आणि माझी मेहुणी आमच्याकडे पेणला जेवायला आले होते, परत रोह्याला जाताना त्याला पेट्रोल भरायचं होतं, आणि मी उगाचच म्हणालो, चला, मलाही भरायचंय. पंपावरच्या माणसाने माझ्या टाकीत नळी घातली आणि बघत राहिला मागच्या गाडीकडे.

“नवीन काय ओ?” त्याने मलाच विचारलं.

“ती माझी नाय,” मी म्हटलं.

“ते दिसतंय,” तो म्हणाला.

त्याच्या नजरेवर नजर ठेवण्याच्या नादात झाकण टपावर राहिलं. मी निघालो तर मागून साडूने हेडलाइट मारले. एकदा नाही, तीनदा. भर दुपारी. पांढरेशुभ्र, थेट माझ्या आरशात. दिसले बाबा तुझे दिवे, मी मनात म्हटलं, आणि जोरात रेस दिली. पुढच्या गतिरोधकावर टपावर काहीतरी खण्णकन वाजलं. माझी गाडी सत्तावीस वर्षांची आहे, ती कुठेतरी वाजतच असते. मी लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी अंगणात पेट्रोलचा वास सुटला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना स्कूटरवरून तो सगळा रस्ता मी मान खाली घालून शोधला. झाकण नव्हतं. बायकोला सांगायची सोय नव्हती, कारण आदल्याच दिवशी जेवताना मी सगळ्यांना सांगत होतो की नवीन गाड्या कोणीही चालवील, जुन्या गाडीला माणसाचं लक्ष लागतं.

खोपोली रोडला एक भंगारवाला बसतो. त्याच्या ढिगातून माझ्या गाडीला बसणारं झाकण मिळालं. आटे व्यवस्थित, रबर व्यवस्थित. फक्त मधोमध एक भोक होतं. मोहरीच्या दाण्याएवढं.

आता मी कोण, हे सांगायला हवं. आमचा कारखाना होता, गणपतीचा. म्हणजे घराची पडवीच, पण पेणात तिला कारखाना म्हणतात. साच्यातून निघालेल्या मूर्तीला हवेच्या बुडबुड्यांची बारीक भोकं राहतात. सोंडेच्या वळणात, कानामागे, पाटाखाली. ती हेरायची, बुजवायची, पॉलिशपेपरने सारखी करायची, आणि वर असा हात मारायचा की बनवणाऱ्यालाही ओळखू येऊ नये. वयाच्या आठव्या वर्षापासून हे काम माझ्याकडे होतं, आणि कॉलेज संपलं तरी माझ्याकडेच होतं. डोळ्यांची आखणी थोरल्या भावाकडे गेली. मी एकदा एका उंदराचे डोळे रंगवले होते, तो उंदीर वडिलांनी गिऱ्हाइकाच्या नजरेआड उलटा करून ठेवला. तेव्हा आमच्या घराण्यात मी भोकापर्यंतच पोचलो. पण भोक मात्र माझ्याइतकं कोणी बुजवत नसे. मला भोक दिसलं की हात शिवशिवतात. भिंतीतल्या जुन्या खिळ्यांची बुजवतो, कपाटाच्या कुलपाजवळची बुजवतो. एकदा बायको पाहुण्यांशी बोलत असताना मी कुंडीच्या बुडाचं भोक बुजवलं होतं. तुळस गेली.

त्यामुळे झाकणावरचं भोक मी बघून सोडून देणं शक्य नव्हतं. पावसाळा तोंडावर, पाणी आत जाईल. आत प्लास्टर भरलं, वर दोन नळ्यांतला मसाला मिसळून लावला, तो दगडासारखा झाल्यावर घासून सारखा केला आणि काळा रंग दिला. कोरं करकरीत झाकण. दोन दिवस येता-जाता मी टाकीची खिडकी उघडून त्याच्याकडे बघत होतो. बायकोनेही एकदा पाहिलं. काही बोलली नाही. मी सुटलो असं मला वाटलं.

आता साडूबद्दल. तो माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टचा मुख्य आहे, रोह्याला लागूनच वरश्याला नवीन सोसायटीत राहतो, सासुरवाडीपासून पाच मिनिटांवर. हे पाच मिनिटांचं अंतर मला फार लागतं. सासूबाईंचा गॅस संपला, तो हजर. सासऱ्यांचं बीपी वाढलं, तो हजर. मी पेणहून निघेपर्यंत बीपी उतरलेलं असतं आणि तो खुर्चीवर बसून चहा पीत असतो. माणूस वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. तो मला दादा म्हणतो, वाकून नमस्कार करतो, माझ्या गाडीबद्दल कधी वाकडं बोलत नाही. फक्त तिच्या बॉनेटवर हलकेच थाप मारून म्हणतो, “दादा, ही अजून चालते म्हणजे कमाल हाय.” यात काय वाईट? काहीच नाही. मी रात्रभर तेच वाक्य उलटंपालटं करून बघतो.

पण एक गोष्ट माझी होती. सासूबाईंना दोनच मुली, मुलगा नाही, म्हणून त्यांच्या घरचा गणपती जावयाने आणायचा. थोरला जावई मी, शिवाय पेणचा, आणि गाडी असलेला. त्या वेळी घरात गाडी असलेला मी एकटाच होतो, हे लक्षात घ्या. चौदा वर्षं हरतालिकेच्या दिवशी हमरापूरच्या एका ओळखीच्या कारखान्यातून मूर्ती घ्यायची, बायकोने मागच्या सीटवर ती मांडीवर घेऊन बसायचं, आणि मी रोह्यापर्यंत गाडी अशी चालवायची की मूर्तीच्या तोंडावरचा रुमालही हलू नये. दारात पोचलो की मूर्ती घेऊन मी उंबऱ्याबाहेर उभा राहायचो. सासूबाई माझ्या पायांवर कोमट पाणी घालायच्या, त्यात दुधाचे चार थेंब. मग भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, मग निरांजन. आळीतल्या बायका बघत असायच्या. वर्षातल्या बाकी दिवशी मला कोणी ओवाळत नाही. शाळेत तर नाहीच.

तर ते पायांवरचं पाणी, एवढीच माझी इस्टेट होती. आणि यंदा साडूने नवीन गाडी घेतली होती, तिची मागची सीट म्हणे सपाट होते.

आषाढाच्या शेवटी आम्ही दोघं रोह्याला निघालो असताना गाडी पहिल्यांदा बंद पडली. नागोठणं सोडून भिसे खिंडीच्या चढाला लागलो आणि तिने आचके द्यायला सुरुवात केली. उचकी लागल्यासारखी पुढे-मागे झाली आणि थांबली. मी बॉनेट उघडलं. कार्बोरेटरवर दोन टिचक्या मारल्या, प्लगच्या वायरी दाबल्या, पेट्रोलच्या पंपावर पान्याने ठोकलं. मग मागे गेलो. माझ्या गाडीतला पेट्रोलचा काटा कित्येक वर्षं अर्ध्यावर अडकलेला आहे, त्यामुळे मी झाकण उघडतो, गाडी हलवतो आणि कान लावून अंदाज घेतो. झाकण फिरवलं तसं हुस्स झालं. उन्हाने वाफ धरली असेल, म्हटलं. पेट्रोल भरपूर होतं. झाकण लावलं, बॉनेट आपटलं, चावी फिरवली. सुरू.

“पंपावर ठोकलं ना, म्हणून,” मी बायकोला सांगितलं.

तिने मान हलवली.

पण मधल्या वेळात सासूबाईंचा फोन येऊन गेला होता आणि बायकोने गाडी बंद पडल्याचं सांगून टाकलं होतं. त्यामुळे दहा मिनिटांत समोरून साडू आला. शिफ्ट संपवून जेवणावरून उठून आला होता, हाताला अजून भात. माझी गाडी तोवर शहाण्यासारखी गुरगुरत होती.

“चालू हाय की, दादा,” तो म्हणाला.

“चालूच होती. थोडी गरम झालेली.”

“मी मागनं येतो,” तो म्हणाला, आणि रोह्यापर्यंत मागून आला. आरशात पुन्हा ते पांढरे दिवे.

पेणला माझा एक मिस्त्री आहे. गॅरेज कसलं, वडाखाली एक पत्रा आणि दोन बाकं. पण कार्बोरेटरच्या गाड्या समजणारा तोच राहिलाय. बाकीचे बॉनेट उघडतात, कॉम्प्युटरची वायर लावायला जागा शोधतात, आणि नाही मिळाली की माझ्याकडे बघतात. मिस्त्रीने सगळं ऐकलं, विडी विझवली आणि निकाल दिला.

“कचरा हाय, साहेब.”

जुन्या गाडीच्या सगळ्या दुखण्यांना तो कचराच म्हणतो. आधी त्याने झाकण उघडून टाकीत काडी घातली, पेट्रोल किती ते बघितलं. मग फिल्टर बदलला. आम्ही स्टेशनपर्यंत फेरी मारली. काही नाही. मी खूश. पुढच्या शनिवारी गाडी वडखळच्या पुढे बंद पडली. परत वडाखाली. झाकण उघडून काडी, मग कार्बोरेटर खोलला. जेट काढून तोंडाने फुंकलं, आकाशाकडे धरून त्यातून बघितलं, मलाही बघायला दिलं. मला आकाश दिसलं. जिते गावापर्यंत फेरी मारली. गाडी पाखरासारखी. तिसऱ्या वेळी काडी, मग रबरी नळ्या बदलल्या. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्याने जुनं रबर नरम पडतं, असं साडूने फोनवर सांगितलं होतं. मिस्त्रीनेही तेच सांगितल्यावर मला जास्त वाईट वाटलं. चौथ्या वेळी पंपाचा पडदा बदलला.

“आता बंद पडली तर मिशी काढतो,” मिस्त्री म्हणाला.

बंद पडली. त्याची मिशी अजून आहे. मी आठवण करून दिली नाही, मलाही पुढे त्याच्याकडेच जायचंय.

गंमत अशी की गाडी त्याच्यासमोर कधी बंद पडलीच नाही. लांबच्या रस्त्यावर माझ्यासमोर पडायची, आणि मी टिचक्या मारून, ठोकून, पेट्रोलचा अंदाज घेऊन, बॉनेट आपटून ती सुरू करायचो. त्यातलं कुठलं औषध लागू पडतं, यावर माझा अभ्यास चालू होता. बॉनेट आपटणं, असं माझं मत बनत चाललं होतं.

श्रावण संपत आला तसा सासूबाईंचा फोन आला. बायकोने स्पीकरवर टाकला.

“बाय, यंदा गणपती कुणाच्या गाडीतनं?”

“कुणाच्या म्हणजे? दरवर्षीसारखा,” मी लांबूनच म्हटलं.

“तसं नाय जावयबापू. खिंडीत पावसात अडकलात तर? धाकट्याची सीट सपाट होते म्हणं.”

“सीट सपाट होते म्हणून काय मूर्ती आडवी झोपवायचीय?” मी म्हटलं.

मग मागून सासऱ्यांचा आवाज आला, “दोघांनी जावा. थोरल्याच्या गाडीत मूर्ती, धाकटा मागनं.” निकाल माझ्या बाजूने लागला होता, पण असा, की जिंकल्यासारखं वाटू नये. मला सांभाळायला मागे माणूस दिला होता.

“चांगलं झालं की,” बायको म्हणाली.

“काय गो चांगलं झालं? मी काय शिकाऊ आहे?”

हरतालिकेला पाऊस होता. बायकोचा निर्जळी उपास, त्यामुळे ती मोजकं बोलत होती, आणि जे बोलायची ते लागायचं. हमरापूरला साडू आमच्या आधी पोचून उभा. कारखान्यातल्या माणसाने मूर्ती प्लास्टिकमध्ये गुंडाळली, मी जुन्या सवयीने कानामागे, सोंडेखाली नजर फिरवली. एक भोक नव्हतं. साडूने आपली सीट सपाट करून ठेवली होती. “राहू दे अशीच, दादा. लागली तर.” मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

पेण ओलांडून वडखळला मी पंपावर थांबलो आणि टाकी तोंडापर्यंत भरली. एरवी मी असं कधी भरत नाही, पण मागे साडू होता. झाकण मी स्वतःच्या हाताने लावलं, घट्ट, आणि ते कसं चमकतंय हे त्याच्या गाडीतून दिसत असेल का, असाही एक विचार आला.

नागोठण्यापर्यंत सगळं सुरळीत. बाहेरच्या आरशात पांढरे दिवे, आतल्या आरशात बायको आणि तिच्या मांडीवर रुमाल घेतलेले बाप्पा. मी त्यांना मनात म्हणत होतो, एवढी खिंड. खिंडीचा चढ लागला आणि पहिला आचका बसला. मग दुसरा. मग आम्ही उभे.

मी पावसातच उतरून बॉनेट उघडलं. टिचक्या मारल्या. वायरी दाबल्या. पंपावर पान्याने ठोकलं. पेट्रोल बघायचा प्रश्नच नव्हता, टाकी गळ्यापर्यंत भरलेली. बॉनेट आपटलं. चावी फिरवली. नाही. पुन्हा सगळं केलं, या वेळी जोरात आपटलं. नाही. साडू छत्री घेऊन आला आणि ती माझ्यावर धरून उभा राहिला, स्वतः भिजत.

“दादा, मूर्ती माझ्या गाडीत घेऊ या?”

“थांब जरा. सुरू होते ती.”

पाच मिनिटांनी त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा थांब म्हटलं. बॉनेट इतक्या वेळा आपटलं की खालून येणाऱ्या टेंपोवाल्याने वेग कमी करून विचारलं, “मारता कशाला तिला?” तेवढ्यात सासूबाईंचा फोन. पाणी गरम करून ठेवलंय, कुठवर आलात. बायकोने सांगितलं, खिंडीत. पलीकडून काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, पण ऐकू न येता कळलं.

“अहो,” बायको आतून म्हणाली, “हलवायचं असेल तर आता हलवा. माझे पाय बधिर झालेत.”

मी साडूकडे बघितलं. त्याची सीट तिकडे अजून सपाट होती. चौदा वर्षांत मला इतकं भरून आलं नव्हतं, आणि त्यात भक्ती फार थोडी होती. “घे,” मी म्हटलं. “तूच ने. तुझीच गाडी बरी.”

तो लगेच हलला नाही. छत्री दुसऱ्या हातात घेतली. “मी कधी म्हटलं नाय, दादा,” तो म्हणाला, “पण दरवर्षी तुमच्या पायांवर पाणी घालतात, तवा आम्ही मागं केळीची पानं धरून उभं असतो. वाटतं माणसाला.” एवढं बोलून तो माझ्या मागच्या दाराकडे गेला. मला वाटत होतं की हेवा हे खातं घरात एकट्या माझ्याकडे आहे.

त्याने दार उघडलं, हात पुढे केले, आणि बायको म्हणाली, “थांबा, भाऊजी.” मग माझ्याकडे बघून, “आज तुम्ही झाकण नाय उघडलंत.”

“कसलं?”

“टाकीचं. दर वेळी सगळं ठोकून झालं की शेवटी झाकण उघडता, गाडी हलवून बघता. मग ती चालू होते. आज नाय उघडलंत.”

“टाकी भरलेली आहे. काय बघायचं?”

“तेलाचा डबा फोडताना मी भोकं किती पाडते?”

“दोन.”

“एकच पाडलं तर?”

एकच पाडलं तर तेल गुळगुळ करत अडकतं, आत हवा जायला वाट लागते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मलाही. तिने विचारलं, “त्या झाकणाला हवा जायला भोक नसतं का ओ?”

होतं. मोहरीच्या दाण्याएवढं. मधोमध. मी ते आत प्लास्टर भरून, वर मसाला लावून, घासून, रंगवून, वडिलांनी शिकवल्याप्रमाणे बुजवलं होतं. जेवढं पेट्रोल इंजिन ओढत होतं तेवढी हवा टाकीत जायला हवी होती, आणि मी तिची वाट बंद करून वर पॉलिश मारलं होतं. गाडीतला पेट्रोलचा पंप ओढून ओढून थकायचा, गाडी उभी राहायची. मग मी झाकण उघडायचो, हवा आत जायची, गाडी चालायची, आणि शाबासकी बॉनेटला मिळायची. मिस्त्रीही आधी काडी घालायला झाकण उघडायचा, म्हणून त्याच्यासमोर तिला काही होतच नसे.

“होतं,” मी म्हटलं. “मी बुजवलं.”

साडू वळून बघत राहिला. हसला नाही. ते त्याने केलेल्या सगळ्या उपकारांमध्ये मोठं.

मी मागे जाऊन झाकण फिरवलं. हुस्स झालं, चांगलं लांबलचक. गाडी चढावर, टाकी तोंडापर्यंत भरलेली, तेव्हा झाकण निघाल्याबरोबर पेट्रोल उसळून माझ्या दोन्ही हातांवर आलं, बाहीवर आलं, सदऱ्याच्या पोटापर्यंत आलं. कुठूनतरी फडकं शोधून पुसलं. झाकण अर्धा आटा सैल ठेवून लावलं आणि चावी फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू. मूर्ती बायकोच्या मांडीवरच राहिली.

खिंड उतरून रोह्यापर्यंत मी गाणं म्हणायच्या बेतात होतो. काचा उघड्या ठेवाव्या लागल्या, वासाने. पाऊस आत येत होता. पण गाडी माझी होती, बाप्पा माझ्या गाडीत होते, आणि मागचे पांढरे दिवे आज मला तितके पांढरे वाटत नव्हते.

आळीत पोचलो. बायका दारात. सासूबाई तांब्या आणि ताट घेऊन उंबऱ्यात, ताटात निरांजन लावलेलं. मी उतरलो, मागचं दार उघडलं, मूर्तीला हात लावणार, तेवढ्यात सासूबाई एक पाऊल मागे सरल्या.

“जावयबापू, हा वास कसला?”

“पेट्रोल सांडलं थोडं.”

“थोडं नाय, आई. अंघोळ केलीय,” बायको म्हणाली.

सासूबाईंनी ताटाकडे बघितलं. निरांजनाची ज्योत, आणि तिच्यासमोर मी, पोटापर्यंत पेट्रोलने भिजलेला. मीही बघितलं. कोणालाच काही बोलायची गरज नव्हती, पण सासूबाई बोलल्या. “तुमी लांब व्हा हां जरा. मोरीवर जावा. साबण नवा काढलाय.”

मूर्ती साडूने घेतली. त्याला ती कशी धरायची हे नीट माहीत नव्हतं, मी लांबूनच सांगितलं, एक हात पाटाखाली, एक पाठीला. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. सासूबाईंनी पाणी घातलं. त्याने पँट वर केली नव्हती, त्यामुळे पाणी बुटांत गेलं. बूटही काढायचे असतात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्या सगळ्या वेळात त्याचा चेहरा असा होता की मी मोरीच्या दारातून साबण हातात घेऊन बघत राहिलो. मला जळायला हवं होतं, आणि मी जळतही होतो. पण मधूनच असंही वाटत होतं की गेली चौदा वर्षं माझा चेहरा असाच दिसला असणार, आणि केळीची पानं धरून कोणीतरी तो बघितला असणार.

हात तीनदा धुतले. वास गेला नाही. मला त्या दिवशी पान वेगळं मांडलं होतं, चुलीपासून लांब.

दुसऱ्या दिवशी चतुर्थीला मूर्ती बसल्यावर आम्ही पेणला निघालो, थोरल्या भावाकडे आमच्या घरचा गणपती असतो. झाकण अर्धा आटा सैल. गाडीने खिंड एका दमात पार केली. घरी कपडे बदलायला थांबलो, तेव्हा बायकोने स्वयंपाकघरात कडधान्यांच्या डब्यांमागे हात घातला आणि एक वस्तू काढून ओट्यावर ठेवली. माझ्या टाकीचं जुनं झाकण. मधोमध मोहरीएवढं भोक असलेलं.

“हे कुठे मिळालं?”

“भाऊजींनी आणून दिलं. त्याच आठवड्यात. गतिरोधकाशी पडलं ते त्यांनी उचललं. तुम्हाला तीनदा लाइट मारले म्हणे थांबवायला, तुम्ही थांबला नाय. मला म्हणाले, दादांना सांगू नका, वाईट वाटेल. मी म्हटलं, आपण होऊन सांगतील. मग बघितलं तर तुम्ही नवीन घेतलेलं, एवढं चकचकीत. म्हटलं, आता कशाला.”

मी झाकण हातात घेऊन भोकाकडे बघत उभा राहिलो.

“आता हे तरी बुजवू नका,” ती म्हणाली. “आणि पुढच्या वर्षी त्यांना आधी सांगा, बूट काढायचे असतात म्हणून.”